‘द प्रिन्स’मधून न्याय कुठे गेला?

प्रश्न: पेन्सिलवाली

राज्यशास्त्राच्या एम. ए.चं दुसरं वर्ष. निबंधाला विषय मिळालाय ‘प्रबोधनकाळातल्या राजकीय विचारातली न्यायाची कल्पना’. वीस पानं लिहायची आहेत आणि तिसऱ्याच पानावर गाडी अडली आहे.

झालं असं, की सुरुवात रोमन विचारवंत सिसेरोपासून केली, कारण त्या काळातला जो तो त्याच्यापासूनच सुरुवात करतो. त्याच्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात न्याय म्हणजे सगळ्या सद्गुणांची राणी. ज्याचं त्याला द्यायचं, विनाकारण कुणाला इजा करायची नाही, दिलेला शब्द पाळायचा. अन्याय होतो तो दोन वाटांनी, बळाने किंवा कपटाने. बळ सिंहाचं, कपट कोल्ह्याचं, आणि माणसाला दोन्ही न शोभणारी. इथपर्यंत सुरळीत.

मग मॅकियाव्हेलीचा ‘द प्रिन्स’ घेतला. ‘न्याय’ दिसला की पेन्सिलीने खूण करायची असं ठरवलं. पंधराव्या प्रकरणात राजाच्या गुणदोषांच्या जोड्या आहेत: उदार आणि चिक्कू, दयाळू आणि क्रूर, शब्दाला जागणारा आणि शब्द फिरवणारा, अशा दहाअकरा. त्यात न्यायी-अन्यायी ही जोडीच नाही! अठराव्यात, राजाकडे जे गुण नसले तरी असल्यासारखे दिसावेत त्यांची यादी येते: दया, विश्वासूपणा, माणुसकी, सचोटी, धर्मनिष्ठा. तिथेही न्याय गैरहजर. वर त्याच प्रकरणात सिसेरोचेच सिंह आणि कोल्हा उचलून राजाला सांगितलंय, बाबा रे, तू दोन्ही हो. एकोणिसाव्यात न्यायावर प्रेम करणारे रोमन सम्राट भेटतात खरे, पण एकटा मार्कस ऑरेलियस सोडला तर त्या सगळ्यांचा शेवट वाईट.

आमचे सर म्हणाले, "मग लिही की मॅकियाव्हेलीने न्यायाची कल्पनाच काढून टाकली." एका वाक्यात काम झालं. पण दीड हजार वर्षं राणी म्हणून नांदलेली बाई अशी मुकाट्याने घर सोडून जाते का? की मीच चुकीच्या खोलीत शोधतेय?

प्रतिसाद: अडाणी_आनंद

कशाला एवढी डोकेफोड. बळी तो कान पिळी, इतकंच त्याला म्हणायचंय. बाकीचे कान पिळता पिळता कीर्तनही करतात, याने कीर्तन वगळलं. सर बरोबर आहेत. लिहा आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद: जुनी_फाईल

आनंदराव, इतक्या लवकर फाईल बंद करू नका.

पेन्सिलवाली, खोली चुकली आहे अशी शंका तुझी तुलाच आली, म्हणून लिहायला बसले. (वयाने बरीच मोठी आहे, एकेरी लिहिते.) मी एकतीस वर्षं न्यायाधीश होते, दिवाणी आणि फौजदारी दोन्हीकडे. राज्यशास्त्र शिकलेली नाही. निवृत्तीनंतर इटालियन शिकले, कानाला गोड लागते म्हणून, आणि मग वाचायला काहीतरी हवं म्हणून मॅकियाव्हेली हाती आला. तेव्हा हे निकाल लिहिणाऱ्या बाईचं वाचन आहे. परीक्षकाला चालेल की नाही ते तू बघ.

आधी एक भिंत. सिएना शहराच्या कारभाराचा जुना वाडा आहे, पलात्सो पुब्लिको. त्यात ‘नऊ जणांची खोली’. १२८७ ते १३५५ या काळात नऊ जणांचं मंडळ शहर चालवायचं, दर दोन महिन्यांनी नवे नऊ. त्यांच्या बैठकीच्या खोलीत अंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट कारभाराची चित्रं रंगवली. प्रबोधनकाळाच्या जरा आधीची आहेत, मान्य. पण पुढच्या मंडळींनी ज्या भांड्याकुंड्यांवर संसार केला ती सगळी इथे मांडलेली आहेत.

मी त्या खोलीत गेले तेव्हा बाकीचे पर्यटक शहराच्या चित्रातल्या नाचणाऱ्यांकडे बघत होते आणि मी न्यायदेवतेच्या अंगठ्यांकडे. तराजू तिने धरलेलाच नाही. तो वरून शहाणपणाने धरलाय, आणि ही खाली बसून दोन्ही पारडी नुसत्या अंगठ्यांनी सावरते आहे. डोळ्यांवर पट्टी नाही. मान वर करून शहाणपणाकडे बघते आहे. प्रत्येक पारड्यात एक देवदूत. एक जण एकाचं डोकं उडवतोय आणि दुसऱ्याला मुकुट घालतोय. दुसरा देवदूत गुडघे टेकलेल्या दोघांची देवघेव बघतोय. दोन पारड्यांतून दोन दोऱ्या खाली उतरतात, त्या ‘एकोपा’ नावाच्या बाईच्या हातात एकत्र येतात, आणि तिच्या मांडीवर काय आहे सांग? सुताराचा रंधा! वर आलेलं तासून सपाट करायला. पुढे तो दोर चोवीस नागरिकांच्या हातांतून जातो आणि सिंहासनावर बसलेल्या एका भव्य म्हाताऱ्यापर्यंत, म्हणजे शहराच्या सामाईक हितापर्यंत, पोचतो.

हे सगळं ॲरिस्टॉटलचं की सिसेरो-सेनेकाचं यावर विद्वानांत जुंपलेली आहे. इतिहासकार क्वेंटिन स्किनर रोमनांच्या बाजूने. तो वाद एका परिच्छेदात उरक. मी अडकले ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. त्याच भिंतीवर न्यायदेवता पुन्हा एकदा येते, अगदी उजव्या टोकाला, त्या म्हाताऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या सद्गुणांच्या रांगेत. इथे तिच्याजवळ तलवार आहे आणि मांडीवर कापलेलं मुंडकं. म्हणजे चित्रकाराचं एका न्यायाने भागलं नाही. डावीकडची शहर बांधते, तिचा दोर लोकांच्या हातात. उजवीकडची राज्यकर्त्याचा गुण म्हणून बसलेली, तिची तलवार त्याच्या कामाची.

तुझी पेन्सिल ‘द प्रिन्स’मध्ये शोधत होती ती ही उजवीकडची. राजाच्या गुणांच्या रांगेतली तिची खुर्ची मॅकियाव्हेलीने उचलून ठेवली, हे खरं आहे. दोरवाली कुठे आहे ते बघायला ‘डिस्कोर्सी’ उघड, म्हणजे लिव्हीच्या रोमन इतिहासाच्या पहिल्या दहा खंडांवर त्याने लिहिलेलं चिंतन.

पहिल्या भागाच्या सातव्या आणि आठव्या प्रकरणांपाशी बस. तिथे तो दोन गोष्टी वेगळ्या काढतो. आपल्याकडे त्यांना अगदी ताजे शब्द आहेत: फिर्याद आणि कंडी. फिर्याद होते ती अधिकाऱ्यापुढे, सभेपुढे, लोकांपुढे. तिला पुरावा लागतो, तपशील लागतो, आणि करणाऱ्याला तोंड दाखवावं लागतं. कंडी पिकते चौकात आणि ओसरीवर. तिला साक्षीदार लागत नाही, म्हणून कुणीही कुणाबद्दलही पिकवू शकतो. त्याचं म्हणणं असं, की ज्या शहरात फिर्यादीची वाट बंद असते तिथे कंड्या माजतात, कंड्यांतून द्वेष, द्वेषातून तट, आणि तटांतून सत्यानाश. उदाहरण रोमचं. मान्लियस आणि कामिल्लस हे दोघे तिथले नावाजलेले सेनानी, आणि मान्लियसला कामिल्लसचा मत्सर. त्याने वस्त्यांतून उठवून दिलं की गॉल लोकांना खंडणी द्यायला गोळा केलेलं धन काही बड्यांनी दाबून ठेवलंय. अधिकाऱ्याने त्याला सगळ्यांसमोर बोलावून विचारलं, कुणाकडे आहे ते नाव सांग. सांगता येईना. तुरुंगात टाकला.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. माझ्या टेबलावर निनावी पत्रं यायची. साधं पाकीट, मुद्दाम डाव्या हाताने काढलेलं अक्षर, ‘अमुक खटल्यातला तमुक साक्षीदार विकला गेलाय’. नियम असा की त्याची दखल घ्यायची नाही. मी घेतली नाही, कधीच नाही. पण वाचली होती ना! वाचलेलं न-वाचलेलं करता येत नाही. एका खटल्यात मी त्या साक्षीदाराच्या जबानीवर जास्तच कडक झाले. ते त्या पाकिटामुळे की खरंच त्याच्या जबानीमुळे, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. मॅकियाव्हेलीच्या फ्लोरेन्समध्ये अशा चिठ्ठ्यांसाठी चक्क पेट्या होत्या. तांबूरो म्हणायचे त्यांना. १४७६ मध्ये तरुण लिओनार्दो दा विंचीवर आळ आला तो अशाच निनावी चिठ्ठीतून.

सातव्या प्रकरणात आणखी एक वाक्य आहे ते मी वहीत उतरवून घेतलंय. बलाढ्य माणसावरची फिर्याद आठ न्यायाधीशांपुढे चालवून भागत नाही, न्यायाधीश पुष्कळ हवेत, कारण थोडे नेहमी थोड्यांसारखंच वागतात. ‘आठ’ हा आकडा हवेतला नाही. फ्लोरेन्सचं फौजदारी मंडळच ‘आठ जणांचं’ होतं.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते पंचेचाळिसावं प्रकरण. फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणारं मेदिची घराणं १४९४ मध्ये हाकललं गेलं, आणि पुढच्या वर्षी साव्होनारोला नावाच्या धर्मोपदेशकाच्या आग्रहाने एक कायदा झाला. तोवर राजकीय गुन्ह्यात मृत्यूची किंवा हद्दपारीची शिक्षा सिन्योरिया, म्हणजे शहराचं कारभारी मंडळ, त्यातल्या नवांपैकी सहा मतांनी व्हायची. मत दाण्यांनी टाकत, काळा दाणा म्हणजे होकार. म्हणून या कायद्याला ‘सहा दाण्यांचा कायदा’ म्हणत. नव्या कायद्याने अशा शिक्षेवर मोठ्या सभेकडे अपील करायचा हक्क मिळाला. दोन वर्षांनी, १४९७ च्या ऑगस्टमध्ये, मेदिचींना परत आणण्याच्या कटात पाच जण दोषी ठरले. त्यातला बेर्नार्दो देल नेरो सत्तरीपलीकडचा, त्याच वर्षी शहराचा प्रमुख होऊन गेलेला. त्या पदाचं नाव ऐक: ‘न्यायाचा ध्वजधारी’! गुन्हा काय, तर कट ठाऊक असून सांगितला नाही. पाचही जणांनी अपील मागितलं. फ्रान्चेस्को व्हालोरी हा साव्होनारोलाचाच माणूस. त्याने अपील होऊ दिलं नाही. रातोरात पाचांची डोकी उडाली. पुढच्या एप्रिलमध्ये गावात दंगा झाला तेव्हा मेलेल्यांच्या नातलगांनी व्हालोरीला रस्त्यात गाठून मारला.

मॅकियाव्हेली लिहितो, की या एका गोष्टीने साव्होनारोलाची जेवढी पत गेली तेवढी दुसऱ्या कशानेही गेली नाही. अपील चांगलं होतं तर पाळायला हवं होतं. वाईट होतं तर एवढा आटापिटा करून आणलंच कशाला? आणि त्याच प्रकरणात त्याने जोडीला कोण आणून बसवलाय, तर रोमचा ॲपियस क्लॉडियस. दहा जणांच्या मंडळातला हा हुकूमशहा. अपिलाचा हक्क यानेच बुडवला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याच हक्काची याचना केली. लोक म्हणाले, अपील मोडणाऱ्याला अपील कसलं? तुला-मलाही तसंच वाटेल. मॅकियाव्हेली म्हणतो, तो माणूस कुठल्याही शिक्षेच्या लायकीचा होता, तरीही कायदा मोडणं, त्यातही नुकताच केलेला, हे नागरी रीतीला धरून झालं नाही.

असा माणूस न्यायाची कल्पना काढून टाकतो? माझ्या मते त्याने तिला राजाच्या मनातून उठवून न्यायालयाच्या दारात बसवली. राजा न्यायी आहे का, हे त्याला विचारायचंच नाही. फिर्याद उघड होते का, ऐकणारे किती, आणि अपील लागतं का, हे तो विचारतो.

प्रतिसाद: तिरपा_चष्मा

ताई, सुंदर लिहिलंय, पण सफेदी जरा जास्त झाली.

तुम्ही सातवं प्रकरण सांगितलंत, त्यातलं एक वाक्य मात्र वगळलंत. तिथेच तो म्हणतो, की एखादा नागरिक रीतसर मार्गाने चिरडला गेला, भले त्याच्यावर अन्याय झालेला असो, तरी राज्यात फारशी गडबड होत नाही. ‘भले अन्याय झालेला असो’! म्हणजे त्याला फिर्याद हवी ती वाफ निघून जावी म्हणून. खरं-खोटं ठरलं तर उत्तम, नाही ठरलं तरी चालतंय.

तिसऱ्या भागाचं एकेचाळिसावं प्रकरणही विसरलात. देश वाचवायचा प्रश्न आला की न्याय्य-अन्याय्य, दयेचं-क्रौर्याचं, स्तुत्य-निंद्य असा कसलाच विचार मनात आणायचा नाही. हे राजाला सांगितलेलं नाही, प्रजासत्ताकाच्या नागरिकाला सांगितलंय. तुमच्या दोरवालीचा दोर इथे कापला.

आणि चेझेना? पोपचा मुलगा चेझारे बोर्जिया याने आपण जिंकलेला रोमान्या प्रांत ताळ्यावर आणायला रेमिर्रो दे ओर्कोला नेमला, त्याच्याकडून सगळी क्रूर कामं करून घेतली, आणि १५०२ च्या डिसेंबरात एका सकाळी त्याच रेमिर्रोचे दोन तुकडे चौकात टाकले, शेजारी लाकडाचा ओंडका आणि रक्ताळलेला सुरा. लोक एकाच वेळी तृप्त आणि थक्क झाले, असं मॅकियाव्हेली लिहितो. कौतुकाने लिहितो! ना फिर्याद, ना साक्ष, ना अपील. तुमच्या न्यायालयाच्या दारात हे बसतं का?

प्रतिसाद: जुनी_फाईल

चष्मेवाले, पहिला मुद्दा मान्य. ते वाक्य मी वगळलं, आणि वगळताना मला कळत होतं. निवृत्त झाले तरी आपल्याला हवी ती बाजू मांडायची खोड गेली नाही.

पण त्या वाक्याने मला धक्का बसला नाही, याचं कारण सांगते. मी दिलेल्या निकालांतले काही चुकले असणार. किती, ते मला कधीच कळणार नाही. हरलेली माणसं कोर्टाच्या पायऱ्या उतरून घरी गेली, दुसऱ्या दिवशी वरच्या कोर्टात गेली; कुणी भावकी जमवून प्रतिवादीच्या घरावर चालून गेलं नाही. त्यांना न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. मॅकियाव्हेलीही म्हणत नाही, ‘अन्याय’ हा शब्द त्याने तिथे तसाच ठेवलाय. सिसेरो असता तर त्याने तो झाकला असता.

एकेचाळिसाव्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्याने ते लिहिलंय आणि त्याला तेच म्हणायचं होतं. पेन्सिलवाली, ते निबंधात घालच, आणि मऊ करू नकोस.

चेझेनाचं बघू. तो प्रसंग सांगताना सगळे दोन तुकडे सांगतात. ‘द प्रिन्स’च्या सातव्या प्रकरणात त्या तुकड्यांच्या आधी एक वाक्य आहे ते कुणाच्या लक्षातच राहत नाही. प्रांत शांत झाल्यावर बोर्जियाला वाटलं, आता एवढा अमर्याद अधिकार नको, लोक द्वेष करतील. म्हणून त्याने प्रांताच्या मध्यभागी एक दिवाणी न्यायालय बसवलं, वर एक उत्तम अध्यक्ष, आणि प्रत्येक शहराचा तिथे आपला आपला वकील. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही पुढे चौकातच गेले होते, हे कबूल करते. प्रेत असलं की कोर्टाकडे कोण बघतं! पण क्रम बघा: आधी कोर्ट, मग प्रेत.

आणि त्याहून मजेदार गोष्ट. मॅकियाव्हेली त्या दिवशी स्वतः चेझेनातच होता, फ्लोरेन्सचा दूत म्हणून. २६ डिसेंबरला त्याने सरकारला लिहिलेलं पत्र आहे. त्यात तो लिहितो, की रेमिर्रोच्या मृत्यूचं कारण नीटसं कळत नाही. राजाच्या मनात आलं एवढंच, आणि माणसांना त्यांच्या लायकीप्रमाणे घडवणं-मोडणं आपल्या हातात आहे हे तो दाखवतोय. नीट कळत नाही! तृप्त-थक्क लोक, आधीच्या क्रौर्याचा डाग धुऊन काढण्याचा हेतू, हे सगळं दहाअकरा वर्षांनी ‘द प्रिन्स’ लिहिताना आलं. आमच्या धंद्यात याला एक नाव आहे: निकाल आधी, कारणं मागाहून. असे निकाल वाचायला फार सुसंगत असतात. म्हणूनच वरच्या कोर्टात गेल्यावर मी त्यांच्याकडे संशयाने बघायला शिकले.

प्रतिसाद: कागदी_होडी

फ्लोरेन्सच्या बाहेरही या जरा. टॉमस मोरचा ‘युटोपिया’ १५१६ चा, म्हणजे ‘द प्रिन्स’ लिहून होतोय न होतोय तोच. पहिल्या भागात कार्डिनल मॉर्टनच्या जेवणाच्या टेबलावर एक वकील फुशारकी मारतो, की इंग्लंडात चोरांना कशी कडक शिक्षा होते, एकेका फासाच्या खांबावर वीस-वीस लटकतात. आणि पुढच्याच श्वासात त्याला आश्चर्य वाटतं की तरी एवढे चोर येतात कुठून! युटोपिया पाहून आलेला प्रवासी हिथ्लोडे त्याला सांगतो: सरदारांनी पदरी बाळगलेले रिकामटेकडे नोकर धनी मेल्यावर रस्त्यावर येतात. लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी शेतांना कुंपणं घालून मेंढ्या सोडल्या, आणि कुळं देशोधडीला लागली. आधी चोर घडवायचे आणि मग फाशी द्यायची.

शेवटाकडे तो आणखी तिखट होतो. सरदार, सोनार, सावकार काही न करता चैनीत राहणार. गाडीवान, सुतार, नांगऱ्या, ज्यांच्यावाचून राज्य वर्षभरही टिकणार नाही, ते गुरांहून हलाखीत जगणार. आणि याला न्याय म्हणायचं? हा सिसेरोच्या ‘ज्याचं त्याला’ला थेट सवाल आहे. ज्याचं त्याला द्यायचं ठीक, पण कुणाचं किती हे ठरवून कोण बसलंय?

फाईलताईंना अवांतर: युटोपियात वकीलच नाहीत. कायदे थोडे, आणि ज्याने त्याने आपली बाजू आपणच न्यायाधीशाला सांगायची. मोर स्वतः वकील, लंडनचा उपशेरीफ म्हणून खटले ऐकणारा. १५३५ मध्ये त्याच्यावरच देशद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू रिचर्ड रिच नावाच्या एकाच साक्षीदाराच्या तोंडी सांगण्यावर उभी होती.

प्रतिसाद: जुनी_फाईल

होडी, वकील नसलेलं कोर्ट मी पाहिलंय. दोन्ही पक्षकार स्वतःच उभे. जो जास्त बोलतो त्याचं ऐकलं जातं आणि जो घाबरतो तो हरतो. मोरला हे कळत नसेल असं नाही. तो डोळा मारून लिहितोय असं मला वाटतं.

मोरने विचारलेलं मॅकियाव्हेली विचारत नाही, हे मात्र खरं. पोट हा विषय त्याच्या न्यायालयाच्या दारात येतच नाही. तिथे येतात ती वैरं. सिएनाच्या भिंतीवरच्या दोन देवदूतांपैकी वाटप करणारा मोरने उचलला, असं म्हणून बघ हवं तर, पण फार ताणू नकोस. त्या देवदूताच्या हातात तलवार आणि मुकुट आहे, धान्याचं माप नाही.

प्रतिसाद: पेन्सिलवाली

सगळ्यांचे आभार. सर ‘एका वाक्यात उरक’ म्हणाले होते, आता वीस पानं पुरायची नाहीत! सुरुवात भिंतीपासून करतेय: दोन न्यायदेवता, मग उजवीकडची खुर्ची रिकामी, मग १४९७ चे पाच जण. एकेचाळिसावं प्रकरण शेवटी, मऊ न करता.

ताई, एकच विचारायचं होतं. १५१३ मध्ये मॅकियाव्हेली स्वतःही पकडला गेला ना? मग फिर्याद, कंडी, अपील यांवर लिहिताना त्याने स्वतःची हकिकत कुठे घातली आहे का? मिळाली तर मधे चपखल बसेल.

प्रतिसाद: जुनी_फाईल

फेब्रुवारी १५१३. मेदिची परत आलेले, याची नोकरी गेलेली. बोस्कोली नावाच्या तरुणाच्या खिशातून एक कागद पडला, त्यावर मेदिचींच्या विरोधात जातील अशा काही लोकांची नावं, त्यात याचं. बोस्कोली आणि त्याचा साथीदार काप्पोनी यांची डोकी उडाली. मॅकियाव्हेलीला हात पाठीमागे बांधून दोरीने वर ओढत आणि खाली सोडत, असं सहा वेळा. काही कबूल केलं नाही. मार्चमध्ये मेदिचींपैकी एक जण पोप झाला, त्या आनंदात कैदी सुटले, त्यात हाही सुटला. म्हणजे त्याची सुटका ना निकालाने झाली, ना अपिलाने.

तुरुंगातून त्याने जुलिआनो मेदिचीला विनोदी सुनीतं लिहिली, त्यात पायातल्या बेड्या आणि खांद्यावरचे ते सहा हिसके मोजलेत. सुटल्यावर मित्राला पत्र लिहिलं, की हे सगळं मी इतक्या ताठपणे सोसलं की माझं मलाच कौतुक वाटतं. पण तू विचारतेस ते, ‘डिस्कोर्सी’त? फिर्याद आणि कंडीच्या प्रकरणात कोरिओलानस आहे, मान्लियस आहे, व्हालोरी आहे. हा नाही. मी दोनदा शोधला.

तेव्हा मधे घालू नकोस. त्याने घातलं नाही, तर आपण कोण.

आणि हो, रंध्याला इटालियनमध्ये ‘पियाल्ला’ म्हणतात. तळटीप देशील तेव्हा शब्द तपासून घे, एका पुस्तकात मी त्याचं भाषांतर ‘पेटी’ झालेलं पाहिलंय.